हायब्रिड घ्यायचाय, कोणत्या लॉफ्टचा घेऊ?

शनिवारचा गडी

नमस्कार मंडळी. गोल्फवरचे जुने धागे चाळले, पण सगळी भांडणं ड्रायव्हर आणि पटरवरच झालेली दिसली, म्हणून नवीन काढतोय. हायब्रिड म्हणजे मोठ्या डोक्याचा वुड आणि पातळ आयर्न यांच्या मधला क्लब (चेंडू मारायची काठी); त्याचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा (चेंडूला लागणाऱ्या बाजूचा) तिरकेपणा, किती डिग्री हवा ते ठरत नाहीये.

वय ५२, हँडिकॅप २४ (एका फेरीत ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण तेवढे जास्त लागतात), पुण्यात खेळतो, तेही फक्त शनिवारी. ड्रायव्हर बरा लागतो. आठ-नऊ नंबरच्या आयर्नवर (आकडा मोठा तितका लॉफ्ट जास्त, अंतर कमी) विश्वास आहे. गाडी अडते ती मधे. ४ आणि ५ नंबरचा आयर्न हातात घेतला की चेंडू एकतर सापासारखा सरपटत जातो, नाहीतर डिव्हट (उखडलेला गवताचा तुकडा) चेंडूच्या पुढे जाऊन पडतो. आता बॅग उचलणारा कॅडीसुद्धा १६० यार्ड उरले तरी न विचारता सहा नंबर काढून देतो. काय समजायचं ते समजलो.

बॅगेत आहे ते असं: ड्रायव्हर, ३ वुड, ४ ते ९ आयर्न, पीडब्ल्यू (पिचिंग वेज, जवळच्या फटक्यांचा), ५६ डिग्रीचा सँड वेज, पटर. आयर्नचा सेट ७-८ वर्षांपूर्वीचा, जाड तळाचा, नवशिक्यांना देतात तसला.

दुकानदार म्हणतो ३, ४, ५, ६ असे चारही हायब्रिड एकदम घ्या, सूट देतो. मित्र म्हणतो ७ वुड घे. बायको म्हणते कोच लाव. तुम्ही काय म्हणता?

बंकरवासी

वहिनींचं ऐका. स्वस्तात सुटाल.

स्लाइडरूल

चारही एकदम अजिबात घेऊ नका. आधी दुखणं नक्की कुठे आहे ते बघू.

लांब आयर्न का लागत नाही? लॉफ्ट कमी, डोकं बारीक, आणि वजनाचा मध्य फेसच्या अगदी लगत. अशा क्लबने चेंडू वर चढवायचा तर स्विंगला वेग हवा आणि संपर्क नेमका हवा. आपल्या वयाला दोन्ही एकाच शनिवारी जमणं कठीण. हायब्रिडचं डोकं आतून पोकळ, तळ रुंद, वजन खाली आणि मागे सरकवलेलं. त्यामुळे तेवढ्याच लॉफ्टला चेंडू जास्त उंच निघतो, आणि चेंडू थोडा टाचेकडे किंवा टोकाकडे लागला तरी आयर्नइतका मार खात नाही. बाकी जादू काही नाही.

आता महत्त्वाचं. तळावर कोरलेल्या आकड्यावर जाऊ नका. ३ नंबर हायब्रिड साधारण १९-२० डिग्री, ४ नंबर २२-२३, ५ नंबर २५-२६ असा ढोबळ हिशेब असतो, पण कंपनीगणिक एक-दोन डिग्री इकडे-तिकडे होतात. आणि तुमच्या आयर्नचे आकडे तर अजूनच फसवे. हल्लीच्या सेटमध्ये ७ नंबर ३० डिग्रीला, कधी २८ ला येतो. जुन्या सेटमध्ये तो ३४-३५ चा असायचा. म्हणजे तुमचा ५ नंबर प्रत्यक्षात २३-२४ डिग्रीचा असणार, म्हणजे जुन्या काळचा ४ नंबर. तो लागत नाही यात तुमचा दोष कमी, कोरणाऱ्याचा जास्त.

तेव्हा आधी कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या सेटचे लॉफ्ट काढा. मग रेंजवर जाऊन ७, ६, ५, ४ आणि ३ वुड, प्रत्येकाने दहा-दहा चेंडू मारा. सगळ्यात लांब गेलेला मोजायचा नाही, सगळ्यात वाईट दोन-तीन सोडायचे, उरलेल्यांचा फक्त कॅरी (हवेतून गेलेलं अंतर) लिहायचा. इथे आणून टाका, मग बोलू.

निवृत्त नियंत्रक

आमच्या वेळी २ नंबरचा आयर्न बॅगेत असे आणि तो लागत असे. सराव करावा. हायब्रिड डावीकडे पळतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे, कोणी लिहीत नाही एवढंच.

जर्सीकर

नियंत्रककाका, तुमचा २ नंबर तुम्हाला लखलाभ. :)

मी न्यू जर्सीत खेळते, माझ्या बॅगेत आयर्न ७ पासूनच सुरू होतात. वरचं सगळं हायब्रिड आणि वुड. इथे माझ्या गटातल्या बहुतेक बायकांचं आणि साठीपुढच्या बऱ्याच पुरुषांचं तसंच आहे, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे मात्र ‘आयर्न मारता येत नाही म्हणून हायब्रिड घेतला’ असा एक सूर असतो, विशेषतः क्लबहाउसमधल्या काकालोकांचा.

टोकियो ऑलिंपिक आठवा. अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. तिचा ड्रायव्हर बरोबरच्या मुलींच्या बराच मागे पडायचा, त्या छोटे आयर्न काढायच्या तिथे हिच्या हातात लांबचा क्लब. तरी शेवटच्या दिवसापर्यंत ती पदकाच्या शर्यतीत होती. लांबून ग्रीनवर (कपाभोवतीच्या बारीक गवतावर) चेंडू बसवणं हे वेगळं कसब आहे, आणि त्यासाठी हत्यार नीट लागतं.

@गडी, घाई नसेल तर मागच्या दोन-तीन वर्षांपूर्वीचं मॉडेल बघा. इथे नवीन मॉडेल आलं की जुन्याच्या किमती धाडकन उतरतात, आणि हायब्रिडमध्ये तीन वर्षांत असं काही बदलत नाही की २४ हँडिकॅपला फरक पडावा. तुम्हा नवरा-बायकोपैकी कोणाचा भाऊ किंवा मेहुणा इकडून येत असेल तर काम होऊन जातं.

सिडकोचा गोल्फर

मी खारघरला खेळतो. मित्र ७ वुड म्हणतोय ते उगाच नाही हां. २१ डिग्रीचा ७ वुड माझ्याकडे आहे, चेंडू हायब्रिडपेक्षा उंच जातो आणि ग्रीनवर पडला की थांबतो. ज्याचा स्विंग हळू आहे त्याला हेच हवं. हायब्रिडचा चेंडू पडून पळत सुटतो, मागचा वाळूचा बंकर कायम वाट बघत असतो.

बंकरवासी

मी ओळखतो त्या बंकराला.

स्लाइडरूल

सिडको, उंचीचा मुद्दा मान्य. ७ वुडचं डोकं मोठं आणि शाफ्ट (दांडा) लांब, म्हणून वेगही जास्त आणि उंचीही. पण ती लांबीच त्याची किंमत आहे. ७ वुड साधारण ४१.५ ते ४२ इंच, तेवढ्याच लॉफ्टचा हायब्रिड ३९.५ ते ४० च्या आसपास, ४ आयर्न ३८.५ ते ३९. दोन इंच ऐकायला काही नाही, पण ज्याचा चेंडू रोज फेसच्या वेगळ्या कोपऱ्यात लागतो त्याला दोन इंच फार होतात.

दुसरं, रफ, म्हणजे कडेचं वाढलेलं गवत. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडचं गवत आठवा. ओलं, जाड, चेंडू अर्धा आत. वुडचं रुंद डोकं त्यात अडकून वळतं. हायब्रिडचं डोकं पुढून-मागे आखूड, ते गवत चिरत जातं. आयर्न तर होसेलला (शाफ्ट बसतो त्या नळीला) गवत गुंडाळून घेऊन बंदच होतो. वर्षातले चार महिने असं गवत असेल तर हिशेब हायब्रिडकडे झुकतो.

फेअरवेवरून (मधल्या कापलेल्या गवतावरून), नीट पडलेल्या चेंडूवर, उंच थांबणारा फटका हवा असेल तर ७ वुड. रफ, डिव्हटचा खड्डा, झाडाखालून खुजा फटका, टीवरून (पहिल्या फटक्याच्या जागेवरून) अरुंद होल, अशी चार कामं एकाकडून करून घ्यायची तर हायब्रिड. गडींचे चेंडू कुठून मारावे लागतात हे त्यांनाच माहीत.

शनिवारचा गडी

झाडाखालून. प्रामुख्याने झाडाखालून.

निवृत्त नियंत्रक

डावीकडे पळण्याबद्दल कोणी बोललं नाही अजून.

स्लाइडरूल

काका, बोलतो. तुमची तक्रार खरी आहे, पण ती हायब्रिड या जातीची नाही, मॉडेलची आहे.

बाजारातले बहुतेक हायब्रिड स्लाइस (उजवीकडे वळणारा फटका) मारणाऱ्यांसाठी बनतात, कारण गिऱ्हाईक तेच. त्यात तीन गोष्टी एकत्र येतात. एक, ऑफसेट, म्हणजे फेस शाफ्टच्या थोडा मागे, त्यामुळे त्याला बंद व्हायला क्षणभर जास्त मिळतो. दोन, लाय (शाफ्टचा जमिनीशी कोन) उभा. लॉफ्टवाला क्लब उभा धरला की फेस डावीकडे बघतो. तीन, शाफ्ट हलका आणि मऊ. ज्याचा चेंडू मुळातच उजवीकडून डावीकडे वळतो त्याच्या हातात हे तिन्ही दिलं की चेंडू थेट शेजारच्या फेअरवेवर. तुमचा स्विंग मी पाहिलेला नाही, पण २ नंबर लागत होता म्हणजे तुम्ही ड्रॉ (असाच डावीकडे वळणारा फटका) मारणाऱ्यांपैकी असणार. तुमच्यासारख्यांनी बिनऑफसेटचा, जरा लहान डोक्याचा, भारी शाफ्टचा बघावा. कंपन्या तेही बनवतात, दुकानात मात्र समोर मांडत नाहीत.

आणि ज्यांच्या हायब्रिडला स्क्रूवाला होसेल आहे त्यांनी एक लक्षात ठेवा: लॉफ्ट वाढवला की क्लब जमिनीवर टेकवताना फेस थोडा डावीकडे वळतो, कमी केला की उघडतो. उंची मिळावी म्हणून लॉफ्ट वाढवतात आणि मग हुकला (फार डावीकडे वळणाऱ्या फटक्याला) शिव्या देतात.

निवृत्त नियंत्रक

ड्रॉ बरोबर ओळखलात. वाचतो आहे. पुढे लिहा.

शनिवारचा गडी

आकडे घेऊन आलोय. लॉफ्ट: ४ नंबर २१, ५ नंबर २४, ६ नंबर २७, ७ नंबर ३०, पीडब्ल्यू ४४. ३ वुड १५.

कॅरी, यार्डात: ७ नंबर १२५, ६ नंबर १३५, ५ नंबर १३८, ४ नंबर १३४. हो, चार नंबर पाचाच्या अलीकडे पडतोय. ३ वुड नीट बसला तर १६५.

आणि दुकानात चाचणीचा २२ डिग्रीचा हायब्रिड मॅटवर मारला, मशीनवर १५८ दाखवत होता. एकदम खूश झालो. घेऊन टाकू का?

स्लाइडरूल

थांबा.

आधी तुमचे आकडे. ६ आणि ५ मध्ये तीन यार्ड, आणि ४ उलटा. याचा अर्थ २४ डिग्रीच्या खाली आयर्नला उंची देण्याइतका वेग तुमच्या स्विंगमध्ये नाही. ४ नंबर तर निव्वळ ओझं आहे, ५ सुद्धा जवळपास तेच. भोक कुठे आहे? १३५ ते १६५ च्या मधे. एवढ्या जागेत एकच हायब्रिड मावतो. २२-२३ डिग्रीचा, जो तुम्हाला १५० च्या आसपास देईल. ३ नंबर हायब्रिड घेतलात तर तो ३ वुडच्या अंगावर जाईल, ६ नंबर घेतलात तर ६ आयर्नच्या. चारचा सेट म्हणजे दुकानदाराची दिवाळी.

आता ते १५८. मॅटवर रुंद तळाचा क्लब चेंडूच्या दोन इंच मागे आपटला तरी रबरावरून घसरत चेंडूपर्यंत पोहोचतो, आणि फटका ‘लागला’ असं वाटतं. गवतावर तोच फटका मातीत रुततो. त्यामुळे मॅटवर हायब्रिड नेहमीच आयर्नपेक्षा गोंडस दिसतो. दुकानदार चाचणीला देत असेल तर रेंजच्या गवती टीवर न्या, कोर्सवर दोन-चार होल खेळता आले तर उत्तमच. चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करने ठिपका काढा, ठिपका फेसकडे ठेवून मारा. फेसवर शाई कुठे उमटते ते बघा. मधे आणि खालच्या बाजूला उमटत असेल तर ठीक. सगळे ठिपके टाचेकडे असतील तर शाफ्ट लांब आहे किंवा तुम्ही फार जवळ उभे आहात.

आणि पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, चेंडू मुंबईपेक्षा किंचित जास्त जातो. चेंबूरला पाहुणे म्हणून खेळायला गेलात की १५० मधून तीन यार्ड वजा करा. तीन यार्डांनी आपल्यासारख्यांचं काही बिघडत नाही म्हणा.

सातारी स्विंग

मारायचं कसं त्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. हायब्रिड दिसतो वुडसारखा म्हणून लोक त्याला झाडूसारखा फिरवतात, चेंडू उचलायला बघतात. तिथेच टॉप होतो (क्लब चेंडूच्या वरच्या भागाला लागतो). तो आयर्नसारखा मारायचा, किंचित खालच्या दिशेने. चेंडू दोन्ही पायांच्या मध्यापासून थोडा डाव्या पायाकडे, ५-६ आयर्नला ठेवता त्याच्या चेंडूभर पुढे. चेंडूनंतर गवताला ओरखडा पडला पाहिजे, खड्डा नको. उचलायचं काम लॉफ्टवर सोडा, त्याचेच पैसे दिलेत.

आणि ग्रीनच्या कडेला वापरा राव! चेंडू ग्रीनपासून पाच-सात पावलांवर, मधे बारीक गवत, वेज मारायची भीती. हायब्रिड खाली धरा, पटरसारखा स्ट्रोक द्या. चेंडू जरा उडी मारतो आणि मग पटसारखा धावतो. २००४ ची ब्रिटिश ओपन, रॉयल ट्रून. टॉड हॅमिल्टनने प्लेऑफच्या (बरोबरी सोडवायच्या जादा खेळाच्या) शेवटच्या होलवर ग्रीनच्या अलीकडून हायब्रिडनेच चेंडू घरंगळत कपाजवळ आणला आणि एर्नी एल्सला हरवलं. वेजने मारला असता तर काय झालं असतं कोण जाणे.

जर्सीकर

आणि वाय. ई. यांग! २००९ ची पीजीए स्पर्धा, हेझल्टीन, शेवटचं होल, २०० यार्डांहून जास्त अंतर, मधे झाड. ३ नंबर हायब्रिड काढला आणि झाडावरून चेंडू थेट कपाच्या शेजारी. समोर टायगर वुड्स, ज्याने तोवर शेवटच्या दिवशी आघाडीवर असताना एकही मेजर (चार मोठ्या स्पर्धांपैकी) सोडली नव्हती. आशियात जन्मलेल्या पुरुषाने जिंकलेली ती पहिली मेजर.

गडी, तुमच्या झाडाखालच्या फटक्यांसाठी प्रेरणा!

बंकरवासी

यांग झाडावरून गेला. गडी झाडाखालून जाणार. फरक आहे.

सिडकोचा गोल्फर

शाफ्टबद्दल कोणी सांगेल का? माझ्या मित्राकडे जुना ३ वुडचा ग्रॅफाइट शाफ्ट पडून आहे, तो कापून हायब्रिडला लावायचं म्हणतोय.

स्लाइडरूल

लावू नका. वुडच्या शाफ्टचं टोक साधारण ०.३३५ इंच जाडीचं, हायब्रिडच्या होसेलला ०.३७० लागतं. आत डुगडुगणार. चकती घालून बसवतात काही जण, पण वजनही बसत नाही. वुडचा शाफ्ट हलका असतो, तो कापला की आणखी हलका आणि कडक होतो.

शाफ्टचं वजन आयर्न आणि वुडच्या मधे कुठेतरी असावं. आयर्नला शंभर ग्रॅमच्या आसपासचं स्टील असेल तर हायब्रिडला ७०-८० ग्रॅमचा ग्रॅफाइट. आयर्नच ग्रॅफाइटचे असतील तर ६०-६५ चालतो. गडींच्या वेगाला रेग्युलर फ्लेक्स (शाफ्टचा लवचीकपणा) पुरे, कदाचित सीनियर. ‘स्टिफ’ लिहिलेला घेतला म्हणजे मनगट तरुण होत नाही.

वापरलेला घेताना: डोकं कानाशी धरून हलवा, आत खुळखुळ नको. वरच्या भागावर खळगा नको. शाफ्ट होसेलमध्ये शिरतो तिथे नखाने फिरवून बघा, चीर लागते का. ग्रिप गेली असेल तर चालेल, ती बदलता येते. किंमत संशय यावा इतकी कमी असेल तर होसेलवरचा सीरियल नंबर पडताळा. माझ्या ओळखीत एकाने ऑनलाइन ‘बॉक्स पॅक’ सेट घेतला, रंग, स्टिकर, कव्हर सगळं हुबेहूब. महिन्याभरात रेंजवर डोकं सुटून चेंडूच्या पुढे गेलं.

निवृत्त नियंत्रक

आता मी बोलतो. गडी यांनी बॅग लिहिली तेव्हापासून एक गोष्ट खटकते आहे. पीडब्ल्यू ४४, पुढचा थेट ५६. मधे बारा डिग्रीचं खिंडार. वर तीन-तीन डिग्रीवर चर्चा चालली आहे आणि खाली, जिथे रोजचे फटके जातात, तिथे काहीच नाही. ८०-९० यार्डांवरून काय मारता तुम्ही?

शनिवारचा गडी

पीडब्ल्यू अर्धा, नाहीतर सँड वेज जीव खाऊन. काका, तिथेही बोंबच आहे खरं तर.

निवृत्त नियंत्रक

तेच. एक हायब्रिड घ्या, माझी हरकत मागे घेतो. दुसऱ्याचे पैसे ५० डिग्रीच्या वेजवर घाला. ४ आणि ५ आयर्न काढा. बॅगेत चौदा क्लबची मर्यादा आहे, तुमचे अकरा होतात, जागेची अडचण नाही. २४ चा हँडिकॅप १६० यार्डांवर कमी आणि ९० यार्डांच्या आत जास्त वाया जातो. मी पुष्कळ लोकांचे कार्ड तपासले आहेत.

स्लाइडरूल

काकांना शंभर टक्के अनुमोदन. ५ आयर्न मात्र लगेच विकू नका, घरी ठेवा. पुढे कधी १३५-१५० मधे अडचण आली तर २५-२६ डिग्रीचा दुसरा हायब्रिड बघता येईल.

शनिवारचा गडी

ठरलं. गवतावर २२ डिग्रीचा मारून पाहिला. मॅटवरचे १५८ गवतावर १४९ झाले, स्लाइडरूल जिंकले. पण दहातले सात फटके एका चादरीवर मावतील इतके जवळ पडले, आयर्नच्या बाबतीत असं कधी झालं नव्हतं. शाई बहुतेक मधे, थोडी टोकाकडे. दुकानदाराला एकच देतोस का विचारलं, तोंड वाकडं केलं पण दिला. मागच्या मॉडेलचा, ७० ग्रॅमचा रेग्युलर शाफ्ट. वेज पुढच्या महिन्यात.

कॅडीने परवा १५० वर स्वतःहून सहा नंबर काढला. मी हायब्रिड मागितला. चेंडू ग्रीनच्या उजव्या कडेला थांबला. कॅडी काही बोलला नाही, फक्त पुढच्या होलवर कव्हर आधीच काढून ठेवलं होतं.

सिडकोचा गोल्फर

अभिनंदन! पावसाळा झाला की ७ वुडही मारून बघा एकदा, माझा देतो.

डावखुरा

उशिरा आलो. डावखुऱ्यांसाठी हायब्रिड इथे मिळतात का? दुकानात ‘मागवावा लागेल’ म्हणतात.

जर्सीकर

इथेसुद्धा डावखुऱ्यांना काही मॉडेल्समध्ये मोजकेच लॉफ्ट मिळतात, बऱ्याचदा १९ आणि २२ डिग्री, त्यापुढचे सहज नाहीत. मॉडेल आधी ठरवून मग लॉफ्ट शोधू नका. तुम्हाला हवा तो लॉफ्ट कोणत्या मॉडेलमध्ये डावखुरा येतो ते आधी बघा. आणि ऑर्डर करताना ‘एलएच’ (लेफ्ट हँड) लिहिलंय ना ते दोनदा वाचा, बदलून घेण्यात पुन्हा कुरिअरचा खर्च जातो.